दोन उजेडांचा अंधार

फेब्रुवारी लागला की आमच्या पेठेतल्या पोरींच्या हातांत ब्राऊन पेपर घातलेल्या वह्या दिसायला लागतात. जर्नल म्हणतात त्याला. तान्ह्या पोराला डोस पाजायला नेतात ना, तशा छातीशी धरलेल्या. बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आलेली असते आणि त्याआधी जर्नलवर सरांची सही लागते. कुणाची झाली, कुणाची अडकली, हे मला ओट्यावर बसून नुसत्या चालीवरून कळतं. सही झालेली पोरगी रस्त्याच्या मधून येते, राहिलेली भिंतीच्या कडेकडेनं. सकाळचं ऊन अजून गोड असतं. समोरच्या कारखान्यात माग खडखडत असतात आणि सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास येत असतो. बाहेरगावचे पाहुणे ह्या वासाला नाक धरतात. आम्हाला तो आला नाही तर धास्ती वाटते, कारखाना बंद पडला की काय म्हणून.

ह्या दिवसांत मी उगाच माझ्या उजव्या हाताची बोटं बघते. तीन वर्षांमागच्या फेब्रुवारीत ती आठवडाभर काळी होती. काळं साबणानं जाईना, चिंचेनं जाईना. त्या आठवड्याबद्दल लिहायचंय. कुणी म्हणेल, चौथी शिकलेल्या बाईनं उजेडाबद्दल काय लिहावं. तर त्यांनी वाचू नये. मी लिहिणार.

मी फणी भरणारी. चाळीस वर्षं तेच केलं. फणी म्हणजे केसांची नव्हे, मागाची. वीतभर उंच, माग जेवढा रुंद तेवढी लांब, बारीक लोखंडी दातांची. दोन दातांमध्ये फट एवढीशी की नखाची कड जाईल न जाईल. कापड विणायचं तर आधी ताण्याची, म्हणजे उभ्या सुताची, एकेक तार त्या फटींतून ओवून घ्यावी लागते. हजारो तारा, हजारो फटी. एक तार राहिली की पांढऱ्या कापडात उभी रिकामी रेघ पडते, आणि ती रेघ थान संपेपर्यंत काही सोबत सोडत नाही. त्याला आम्ही म्हणतो, तार गेली. सासूबाईंनी मला हे काम शिकवलं. त्या बोलायच्या कमी. चुकलं की माझ्या बोटावर सुईची मागची बाजू टेकवायच्या, बस. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही तेलुगू. मराठी वाचायला शिकले ती टॉवेलचे गठ्ठे बांधायच्या रद्दी वर्तमानपत्रांवरून. म्हणून माझं वाचन सगळं तुकड्या-तुकड्यांचं. कितीतरी बातम्यांचा शेवट मला अजून ठाऊक नाही.

लावण्या माझी नात. मला अव्वा म्हणते, आमच्या तेलुगू घरात आजीला अव्वाच. त्या वर्षी ती बारावी सायन्सला होती. डिसेंबर लागता लागता तिची आई पद्मा, म्हणजे माझी सून, जिन्यावरून घसरली आणि पायाचं हाड मोडलं. आमच्या घरी टॉवेलना काठ मारायचं काम येतं, ते पद्मा करायची. काम थांबलं तर दुसऱ्या घरी जातं, आणि गेलेलं काम परत येत नाही. माझी नजर आता मशीनच्या सुईवर ठरत नाही. मग लावण्या बसली. दोन महिने पोरगी टॉवेलांच्या ढिगामागं दिसायचीच नाही, नुसता मशीनचा आवाज यायचा. तिचे प्रयोग राहिले ते असे.

पद्माला काठी घेऊन चालता यायला लागलं तेव्हा मी लावण्याबरोबर कॉलेजात गेले. सर वाईट नव्हते. शर्टाच्या बाहीला खडू लागलेला, टेबलावर जर्नलांची थप्पी, चहा निवलेला. पण दमलेला माणूस लवकर नाही म्हणतो.

"हजेरी नाही, चार प्रयोग नाहीत. मी सही कशी करू?" ते म्हणाले. "यंदा थांब. पुढच्या वर्षी नीट बस."

पुढच्या वर्षी. आमच्या पेठेत हे दोन शब्द कसे ऐकू येतात ते त्यांना ठाऊक नसावं. पोरगी एक वर्ष मशीनवर बसली की मशीन तिला उठू देत नाही. मी अशा कितीतरी बघितल्यात. एकीला नकाशे पाठ होते, एकीला सगळे पाढे उलटे यायचे. सगळ्या पुढच्या वर्षी बसणार होत्या.

लावण्यानं विनवण्या केल्या. सरांनी तीन प्रयोग दुसऱ्या तुकडीबरोबर करून घ्यायचं कबूल केलं. राहिला चौथा. दोन बारीक फटींतून लाल प्रकाश सोडायचा, भिंतीवर पट्टे पडतात ते मोजायचे, आणि त्यावरून प्रकाशाच्या लाटेची लांबी काढायची.

"तो होणार नाही," सर म्हणाले. "लेसर बिघडलाय. बाकीच्यांचं आधीच झालंय. तू काय आता घरी करणार?"

"घरी करतो की," मी म्हणाले.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "आजी, हा फिजिक्सचा प्रयोग आहे. पापड नाहीत."

"पापड येतात का सर तुम्हाला?"

दाराशी उभ्या पोरी फिसफिसल्या. सरही हसले, पण चिडून. "बरं. करून आणा. आकड्यासकट. शनिवारपर्यंत आणलंत तर सही करतो."

रस्त्यावर लावण्या माझ्या दहा पावलं पुढं चालत होती. "तुला बोलायला काय होतं गं अव्वा? येतं का आपल्याला काही?"

"बोलून बसले की आता," मी म्हणाले. पदर खोचून तिला गाठायला भराभर चालायला लागले.

घरी येऊन तिनं वहीत चित्र काढलं. इकडं दिवा, मधी आडोसा, आडोशाला दोन उभ्या फटी अगदी जवळजवळ, आणि लांबवर भिंत.

"फटी किती जवळ?"

"मिलिमीटरच्या आत."

"सरळ?"

"एकदम सरळ. एकीला एक समांतर."

"आणि ह्याला कॉलेज लागतं?" मी विचारलं.

माझ्या पेटीत फणीचा एक तुटका तुकडा होता. पूर्वी आमच्या घरी साड्या विणत, तेव्हाची बारीक फणी. तिच्या पट्टीवर ऐंशी आकडा ठोकलेला. उजेडाला धरून मी लावण्याला म्हणाले, मोज तुझ्या समांतर रेघा. तिनं तोंड उघडं ठेवून बघितलं. अठरा वर्षं ही पोरगी मागांच्या गल्लीत वाढली आणि फणीतून तिनं कधी बघितलंच नव्हतं. तिचा दोष नाही. आम्हीच पोरींना सांगत आलो, ह्यात पडू नकोस, शिक. जणू ह्यात शिकण्यासारखं काही नव्हतंच.

काच आणली फोटोच्या जुन्या चौकटीतली, कापून तिचे तुकडे केले. तेलाच्या दिव्यावर धरून काजळी धरवली. फणी काजळीला टेकू नये म्हणून दोन्ही कडांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठेवल्या, वर फणी, आणि शेजारशेजारच्या दोन फटींतून सुई वरून खाली ओढली. काळ्या काचेवर दोन रेघा उमटल्या. आमची मागची खोली वीस फूट लांब. तिथं पूर्वी दोन माग होते. माग विकले, खोली राहिली. खिडक्यांना चादरी लावून भर दुपारी अंधार केला. लाल लेसर मिळाला खेळण्यांच्या गाडीवर, मांजरीपुढं नाचवायचा तो. त्याच्यावर बारीक अक्षरांत सहाशे पन्नास छापलेलं होतं. लावण्या म्हणाली, हीच त्या लाटेची लांबी, नॅनोमीटरमध्ये, आपलं उत्तर ह्याच्या आसपास यायला पाहिजे. डोळ्यात मारू नका कुणाच्या, एवढं बजावून ती सोमवारी कॉलेजला गेली.

पद्मा खाटेवर पाय लांब करून बसली, तिनं लेसर चिमट्यात धरून काचेवर मारला. मी भिंतीपाशी.

भिंतीवर लाल रेघा पडल्या आणि त्यांच्या मधी मधी काळ्या. लाल, काळी, लाल, काळी.  चाळीस वर्षं डोळ्याला एकच वळण. उभी काळी रेघ दिसली की तार गेली.

"पुसते," मी म्हणाले. "सुई नीट चालली नाही."

"अत्तम्मा, मला तर चांगलं दिसायलंय," पद्मा म्हणाली. ती मला तेलुगूत अत्तम्मा म्हणते, सासूबाई. "नऊ-दहा रेघा हायत."

"फटी दोन, तर रेघा दोनच पायजेत. नऊ-दहा कुठनं येतील? मधी मधी तारा गेल्यात."

पुसली. नवी काजळी, नवी रेघ. पुन्हा तेच. सुई बदलली, तेल बदललं, वात बदलली. मंगळवारी काजळी पातळ धरली, मग जाड धरली. जितकी रेघ सुबक, तितकी भिंतीवरची काळी जास्त काळी. मला काही कळेना. हात तर चुकत नव्हता, हाताला मी ओळखते.

"अत्तम्मा, आरसा बघा एकदा," पद्मा म्हणाली. "ह्या वयात तोंड काळं केलंत."

"तू लेसर हलवू नको."

मंगळवारी दुपारी लावण्या आली तेव्हा मी अकरावी काच पुसायला फडकं उचललं होतं.

"काय करायलीस?"

"पुसायलीय. परत तारा गेल्या."

"थांब." तिनं भिंतीकडं बघितलं. हळूच जवळ गेली, लाल रेघेवर बोट ठेवलं, मग काळीवर. "अव्वा, किती पुसल्यास अशा?"

"दहा."

"दहा?" ती जमिनीवरच बसली. आधी हसली, मग रडली, मग दोन्ही. "अगं तेच पायजे होतं. काळंच तर पायजे होतं. पुस्तकात फोटो हाय असाच."

असं मी दहा वेळा बरोबर केलं आणि दहा वेळा पुसलं. बायकांच्या बाबतीत हे नवीन नाही, पण तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग ती समजवायला लागली, की प्रकाश ही लाट आहे, दोन फटींतून दोन लाटा निघतात, जिथं एकीचा चढ आणि दुसरीचा उतार एकत्र येतो तिथं दोघी मिळून शून्य. मी म्हणाले, थांब, हे मला ठाऊक आहे. खिडकीची एक चादर काढली, बादलीत भिजवली, एक टोक तिला दिलं. ओली सोलापुरी चादर दोघींनी दोन टोकांना धरून झटकायची म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. दोघींचे हात एकदम वर गेले तर मधला भाग छताला लागतो. एकीचा वर आणि दुसरीचा खाली, तर मधली चादर जागची हलत नाही. टोकांना दोघींचे हात भरून येतात आणि मधी काही नाही, शांत. आम्ही दोन्ही तऱ्हांनी झटकून बघितली. पद्माच्या पायावर पाणी उडालं, प्लास्टर नुकतंच निघालेलं, तिनं आम्हा दोघींना शिव्या दिल्या.

"म्हणजे तिथं उजेड पोचत नाही असं नाही," मी म्हणाले.

"दोन्हीकडनं पोचतो, अव्वा. दोन्हीकडनं पोचतो म्हणूनच अंधार होतो."

तिनं खिडकीवर दुसरी चादर टाकली आणि ब्लेडची कड हळूच सरकवून एक फट झाकली. भिंतीवरचे पट्टे गेले. नुसता लाल फराटा राहिला आणि जिथं काळं होतं तिथं उजेड आला. ब्लेड काढलं, काळं परत आलं. मी तिला ते सात-आठ वेळा करायला लावलं. उजेड कमी केला तर अंधार जातो. दिवा वाढवला तर अंधार येतो. आजवर कितीजणांनी मला तोंडावर सांगितलं होतं, अडाणी म्हणजे अंधार. सभेत सांगितलं, रेशनच्या रांगेत सांगितलं, घरच्या माणसांनी सांगितलं. मी मान हलवत आले. त्या दुपारी लाल भिंतीपुढं उभं राहून मला वाटलं, माझ्यातला अंधार तपासला कुणी? तो उजेड न पोचल्याचा आहे, हे कशावरून?

पुस्तकात पुढं आणखी एक गंमत होती, ती लावण्यानं वाचून दाखवली. प्रकाशाचा एकेक कण सुटा सोडला, एक भिंतीवर पोचला की मगच दुसरा, तरी हळूहळू तेच पट्टे तयार होतात. आणि कुठल्या फटीतून गेलास, अशी चौकशी लावली की पट्टे मोडतात. हे कुणालाच पुरतं समजत नाही, शिकलेल्यांनाही, असं ती म्हणाली. मला त्यात समजायला अवघड असं काही दिसलं नाही. मला जन्मभर विचारत आलेत. तुम्ही तेलुगू का मराठी. माहेरच्या का सासरच्या. हातमागवाल्या का कारखान्यातल्या. कागदावर एकच रकाना असतो आणि लिहिणारा पेन उचलून बसलेला असतो. मी भांडते ती मराठीत, देवापुढं बसते ती तेलुगूत, आणि तारा मोजते त्या कुठल्या भाषेत ते माझं मलाही सांगता येणार नाही. आता मी त्या प्रश्नाला उत्तर देणं सोडलंय. पेनवाल्याला पाणी देते, चहा देते. उत्तर देत नाही.

बुधवारी मोजमाप झालं. भिंतीवर कागद चिकटवून काळ्या रेघांवर पेन्सिलनं खुणा केल्या. आठ पट्ट्यांचे जेमतेम पाच सेंटिमीटर. खोलीची लांबी टेपनं तीनदा. मग लावण्या वहीत गुणाकार-भागाकार करत बसली आणि तिचा चेहरा उतरत गेला. सहाशे पन्नास यायचं ते आलं तीनशे तेवीस. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

गुरुवारी ती सरांना दाखवून आली. दप्तर टाकलं आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तीनशे तेवीसचा प्रकाश माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. तुझ्या आजीला दिसतो का? सगळे हसले." थोड्या वेळानं म्हणाली, "मग मला बाजूला बोलावलं. म्हणाले, जाऊ दे, कष्ट घेतलेस. सहाशे पन्नास लिहून आण, शनिवारी सही करतो. सगळे तेच लिहितात."

"मग?"

"मग काय? लिहिते."

"आलंय किती?"

"अव्वा, नको."

"आलंय किती, ते लिही. आपल्या काचेतनं तीनशे तेवीस आलंय."

ती उठून उभी राहिली. माझ्याएवढी उंच झालीय हे मला तेव्हा दिसलं. "तुझ्या हट्टापायी माझं वर्ष जाईल. शनिवारनंतर मशीनवर कोण बसणार हाय? तू?"

मी पद्माकडं बघितलं. पद्मा टॉवेलाच्या घड्या घालत राहिली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

हट्टाचं असं असतं बघा. आपल्या जिवावर केला तर त्याला ताठ मान म्हणतात, आणि दुसऱ्याच्या जिवावर केला तर? ती दुपार मी ओट्यावर बसून काढली. पोरी जर्नल घेऊन जात होत्या. मनात आलं, आत जावं, म्हणावं, लिही बाई, काय एक आकडा. पाय उठेनात. खोटं लिहू नये एवढंच कारण नव्हतं, मी काही हरिश्चंद्राच्या घरची नाही. टोचत होतं ते वेगळंच. काच बरोबर होती. भिंत बरोबर होती. हात बरोबर होता. आणि आम्ही सहाशे पन्नास लिहिलं असतं तर आमच्या हातानं कबूल केलं असतं, की ह्या घरात काही बरोबर होऊच शकत नाही, बरोबर ते पुस्तकातून उतरवून घ्यायचं.

सासूबाई आठवल्या. एकदा मी दिवसभर फणी भरली होती, दीड हजार तारा, आणि शेवटी एक फट उरली. मी ती तशीच मोकळी सोडून पदरानं झाकून बसले. त्या आल्या, बघितलं, आणि काही न बोलता उलट्या बाजूनं तारा काढायला लागल्या. पार सुरुवातीपर्यंत. एकशेबाराव्या फटीत मी एकीऐवजी दोन तारा ओवल्या होत्या. तिथून पुढची प्रत्येक तार नीट ओवलेली, आणि प्रत्येक एकेक घर सरकलेली. "चूक शेवटाला दिसते," त्या म्हणाल्या, "राहते सुरुवातीला." मला आठवतं तेवढं त्यांचं हे सगळ्यांत लांब बोलणं.

शुक्रवारी सकाळी मी लावण्यापुढं चहाचा कप ठेवला. "पहिली तार दाखव."

"काय?"

"हिशोबाची पहिली तार. कुठनं सुरू केलंस?"

ती कंटाळून म्हणाली, "फटींमधलं अंतर. एका इंचात ऐंशी दात. पंचवीस पूर्णांक चार मिलिमीटर भागिले ऐंशी."

"इंचात ऐंशी? कोण म्हणालं?"

"फणीवर लिहिलंय की."

"ऐंशी लिहिलंय. इंच कुठं लिहिलंय?"

तिनं फणी ओढून घेऊन तो आकडा परत बघितला.

"फणीचा नंबर दोन इंचांचा असतो," मी म्हणाले.

"दोन इंचांचा कशाला?"

"कशाला म्हणजे? असतो."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?"

 भाकरी गोल असते हे आपण कुणाला सांगतो का? आमच्या अख्ख्या पेठेत नंबर बोलला की दोन इंच धरूनच चालतात, कुणी उच्चारत नाही. चाळीस वर्षांत मला हे एकदाही तोंडानं म्हणावं लागलं नव्हतं. आमच्याकडच्या जाणत्या गोष्टी अशाच राहतात. लपवलेल्या नसतात, फक्त कुणाला सांगायची वेळ आलेली नसते. मग लोक म्हणतात, ह्यांना काय येतं.

लावण्यानं फणीवर पट्टी ठेवली, सुईच्या टोकानं दात मोजले. इंचात चाळीस. पुन्हा मोजले. मग भराभर आकडे मांडले, आणि पेन खाली ठेवलं.

"सहाशे पंचेचाळीस."

 मशीनवरचा अर्धा टॉवेल तसाच लोंबत होता.

"पाच कमी हायत पण," लावण्या म्हणाली.

"पाच कमीच लिही."

"आता पाचासाठी भांडू नका की गं दोघी," पद्मा म्हणाली, आणि टॉवेलानं डोळे पुसले.

शनिवारी फणी कापडात गुंडाळून, काच आणि लेसर डब्यात ठेवून आम्ही दोघी गेलो. लॅबमध्ये सर एकटेच होते. लावण्यानं सगळं सांगितलं. आवाज सुरुवातीला बारीक होता, मग आला ठिकाणावर.

सरांनी फणी हातात फिरवली. "ह्या नंबरावर विश्वास कसा ठेवायचा, आजी?"

"ठेवू नका. मोजा."

त्यांनी स्टीलची पट्टी काढली, चष्मा डोक्यावर सरकवला आणि पेनाच्या टोकानं मोजायला लागले. सव्वीसला चुकले. पुन्हा सुरुवात केली, एकतीसला चुकले. सवय नसली की दात डोळ्यापुढं नाचतात.  मदत करायचा मोह लई झाला, पण मी हात पदरात धरून ठेवले. तिसऱ्या खेपेला ते चाळीसवर थांबले. मग त्यांनी स्वतः कॅल्क्युलेटर घेतला, आकडे दाबले, आणि त्यावरच्या आकड्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग खिडक्यांचे पडदे ओढून आमचा लेसर काचेवर मारला. लॅबच्या भिंतीवर आमचे पट्टे पडले. त्यांनीही ब्लेड मागितलं. एक फट झाकली, उघडली, झाकली, उघडली. माझ्यासारखंच.

"चांगले आलेत," ते म्हणाले. "कॉलेजच्या काचेपेक्षा."

जर्नल उघडलं. सही करायला पेन टेकवलं आणि थांबले. जर्नल सगळं इंग्रजीत. साहित्याच्या ओळीत मधेच एक मराठी शब्द होता, त्यावर त्यांचं बोट होतं.

"हे काय लिहिलंयस? फणी?"

"हो सर."

"हे काढ. नुसतं डबल स्लिट लिही. बाहेरचे परीक्षक येतात, त्यांना कळायचं नाही."

आता खरं सांगते. मी लावण्याची ओढणी मागून ओढली. लिही बाई, काढ ते, पेन टेकलंय कागदाला. आठवडाभर ताठ राहिलेली मी, त्या घटकेला माझं सगळं पाणी झालं. मला फक्त ती सही दिसत होती आणि मशीन दिसत होतं.

लावण्यानं मागं वळून बघितलं नाही. ओढणी हळूच माझ्या हातातून सोडवून घेतली.

"सर, डबल स्लिट आम्ही केलीय," ती म्हणाली. "फणीनं केलीय."

"अगं, पण परीक्षकानं विचारलं तर?"

"विचारलं तर सांगेन."

सरांनी पेनाचं टोपण लावलं. बाहेर कुणाचीतरी गाडी सुरू होत नव्हती, किक मारल्याचा आवाज येत होता, पुन्हा पुन्हा. मग त्यांनी टोपण काढलं आणि सही केली, खाली तारीख घातली, आणि जर्नल तिच्याकडं सरकवलं.

बाहेर आल्यावर मी ते पान उघडून बघितलं. सरांची सही काही लागेना, नुसतं गिरगटणं. बाकीच्या ओळी इंग्रजी, त्या मला अक्षर लावून लावून वाचाव्या लागतात. अख्ख्या पानावर एका दमात वाचता आला तो शब्द एकच होता.